वेलींची सत्त्वपरीक्षा

एरंडोल हे जळगाव जिल्ह्यातील, अंजनी नदीच्या काठी वसलेले एक जुने गाव आहे. याच तालुक्यातून गिरणा नदीही वाहते. पूर्वी पावसाळा सरला आणि गिरणेचे पाणी ओसरले, की तिच्या रुंद पात्रात एक नवेच शिवार उभे राहत असे. वाळूत लांब चर खणावेत, त्यांत कुजलेले शेणखत भरावे, वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून पऱ्हाट्यांचे कूड घालावे आणि थंडीच्या दिवसांत टरबूज-खरबुजाचे बी लावावे, असा तो क्रम होता. खानदेशात खरबुजाला डांगर म्हणतात. म्हणून वाळूतल्या या मळ्यांना डांगरवाड्या असे नाव पडले. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाखरेही सावली शोधू लागत, त्या वेळी या तापलेल्या वाळूतून मधुर व शीतल फळे निघत. निसर्गाची ही किमया पाहून कोणालाही नवल वाटावे.

काळ पालटला. गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले. नदीच्या वाहण्याची पूर्वीची रीत बदलली, वाळूचे उपसेही वाढले. आता खानदेशातील शेतकरी हे पीक बहुधा काळ्या जमिनीतच घेतात. गादीवाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरतात, ठिबक नळ्यांनी पाणी देतात आणि कागदाला पाडलेल्या भोकांतून रोपे लावतात. वाडी गेली, मळा आला. परंतु वेलीचा एक जुना वैरी मात्र वाळूतून मळ्यातही तिच्या पाठोपाठ आला. त्याचे नाव भुरी.

भुरीचे आगमन मोठे फसवे असते. प्रथम एखाद्या जुन्या पानावर पिठाची चिमूट सांडावी तसा पांढुरका ठिपका दिसतो. बोटाने पुसला तर पुसलाही जातो. परंतु चार-सहा दिवसांत तसेच ठिपके शेजारच्या पानांवर उमटतात, एकमेकांत मिसळतात आणि दोन आठवड्यांत सारा वेल राख फासलेल्या बैराग्यासारखा दिसू लागतो. ही राख म्हणजे एक सूक्ष्म बुरशी होय. शास्त्रज्ञ तिला पोडोस्फेरा झँथी या नावाने ओळखतात. तिचे बीजाणू इतके हलके असतात, की मंद वाऱ्यानेही ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. बीजाणू पानावर पडला, की काही तासांत त्याला बारीक तंतू फुटतो. तो तंतू पानाच्या वरच्या थरातील पेशीत आपली शोषणेंद्रिये रोवतो आणि वेलीने उन्हापासून तयार केलेले अन्न आयतेच शोषू लागतो.

बहुतेक बुरशींना वाढण्यासाठी ओल लागते, हे तुम्ही जाणताच. पावसाळ्यात भिंतीवर, चामड्यावर, शिळ्या भाकरीवर बुरशी येते ती त्यामुळेच. भुरी मात्र याला अपवाद आहे. पानावर पाण्याचा थेंब नसतानाही तिचे बीजाणू रुजतात. २० ते २७ अंश सेल्सिअस एवढी उबदार हवा, दाट पाने आणि त्यांखालची सावली तिला फार मानवते. कडक उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या पुढे गेला, की तिचा जोर ओसरतो. खानदेशात माघ-फाल्गुनाचे दिवस तिला अनुकूल असतात, आणि नेमके तेव्हाच खरबुजाचे वेल फुलाफळांवर येऊ लागलेले असतात.

या रोगाने फळ सहसा कुजत नाही. मग एवढी चिंता कशाची, असे कोणी विचारील. फळातील गोडी फळात तयार होत नसते. ती पानांत तयार होऊन देठावाटे फळात येते, आणि खरबुजात साखर साठते ती मुख्यतः पिकण्याच्या अखेरच्या दिवसांत. ऐन त्याच वेळी भुरीने पाने वाळली, म्हणजे फळ आकाराने भरलेले दिसते, परंतु चवीला पाणचट लागते. शिवाय पानांची सावली नाहीशी झाल्यामुळे फळांची साल उन्हाने भाजते. बाजारात असे फळ एकदा घेतलेला गिऱ्हाईक त्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळत नाही. म्हणजे चार महिन्यांचे कष्ट अखेरच्या पंधरवड्यात मातीमोल होतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. द्राक्षाच्या बागेत भुरी आली, की गंधक वापरण्याची रीत फार जुनी आहे. परंतु खरबुजाचे पान नाजूक असते. कडक उन्हात गंधकाने ते करपते. रोग बरा करावा तर रोगीच भाजावा, असा हा पेच आहे. इतर औषधे आहेत. पण ती पुन्हा पुन्हा फवारावी लागतात आणि प्रत्येक फवारणीला पैसा लागतो. तेच औषध वारंवार वापरले, तर भुरी त्यालाही सरावते. त्यातच खरबूज हे तोडणी झाल्यावर लगेच खाल्ले जाणारे फळ. त्यावर औषधाचा अंश राहू नये ही काळजी वेगळीच. तेव्हा बाहेरून औषध देण्यापेक्षा वेलीच्या अंगीच रोगाशी झुंजण्याचे बळ असेल तर किती बरे होईल, हा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला. असे बळ असलेल्या वाणाला रोगप्रतिकारक वाण म्हणतात.

परंतु असा वेल शोधावा कोठे? या शोधाची कथा एरंडोलपासून हजारो कोस दूर घडली. तरीही तिच्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिणेस इंपीरियल व्हॅली नावाचे एक खोरे आहे. तेथे मूळचे वाळवंट. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्यांनी आणून लोकांनी ते पिकते केले आणि तेथे खरबुजाची प्रचंड लागवड सुरू झाली. १९२५ साली या खोऱ्यात भुरीची मोठी साथ आली. तेथील गोड व नावाजलेले वाण एकामागून एक तिला बळी पडू लागले. तेव्हा आयव्हन जॅगर व त्यांचे सहकारी स्कॉट यांनी निरनिराळ्या देशांतील खरबुजांचे बी मिळवून ते रोगट शेतात पेरून पाहण्यास आरंभ केला. रांगांमागून रांगा पांढऱ्या पडल्या; परंतु भारतातून गेलेल्या बियांपासून उगवलेले काही वेल हिरवेगार राहिले. त्यांची फळे तेथील बाजाराच्या दृष्टीने सामान्यच होती. तथापि शास्त्रज्ञांनी फळाकडे न पाहता पानाकडे पाहिले. या भारतीय वेलींचा तेथील गोड वाणांशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत त्यांनी १९३६ साली ‘पीएमआर ४५’ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. फळ तेथील गोड खरबुजाचे आणि रोगाशी झुंजण्याचे बळ मात्र भारतीय, असा तो वाण होता.

कथा येथेच संपली असती तर ती सोपी झाली असती. परंतु १९३८ साली त्याच खोऱ्यातून नवी वार्ता आली: पीएमआर ४५ वरही भुरी दिसू लागली होती. वेल तोच होता. शत्रू बदलला होता. एकाच बुरशीत अनेक वंश असतात, दिसायला सारखे पण आक्रमणाच्या रीतीत भिन्न, हे त्यावरून ध्यानात आले. शास्त्रज्ञांनी जुन्या भुरीला वंश १ व नव्या भुरीला वंश २ अशी नावे दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून शोध आरंभिला. त्या शोधातून पुढे ‘पीएमआर ५’ हा वाण तयार झाला. तो या दोन्ही वंशांना पुरून उरला. पुढील काळात आणखी कितीतरी वंश आढळले. त्यांच्याशी झुंजण्यासाठी जगभर वापरल्या गेलेल्या वेलींत भारतीय बियांची नावे पुन्हा पुन्हा येतात. ‘एमआर १’ हा प्रसिद्ध वाण भारतातून नेलेल्या बियांतूनच निवडलेला आहे.

आता ही निवड प्रत्यक्षात कशी करतात ते पाहू. ही एक परीक्षाच असते, आणि शाळेतील परीक्षेपेक्षा तिचे नियम अधिक कडक असतात.

पहिला नियम असा, की निरोगी दिसणे निराळे आणि रोगप्रतिकारक असणे निराळे. शेतात एखादा वेल स्वच्छ दिसला, तर त्यावर बीजाणू पडलेच नसतील, किंवा तो उशिरा उगवला असेल, किंवा त्याच्या जागी ऊन अधिक पडत असेल. ज्याच्यावर संकटच आले नाही, त्याच्या धैर्याची ग्वाही कशी द्यावी? म्हणून या परीक्षेत प्रत्येक रोपाला जाणूनबुजून रोग देतात. नवशिक्याला हे क्रूरपणाचे वाटेल. परंतु सोने अग्नीत घातल्यावाचून त्याचा कस कळत नाही.

दुसरा नियम, शत्रूला जिवंत ठेवण्याचा. भुरी केवळ जिवंत पानावरच जगते. इतर काही बुरशींप्रमाणे तिला काचेच्या बशीत अन्न घालून वाढविता येत नाही. त्यामुळे रोगास सहज बळी पडणाऱ्या वाणाची कोवळी रोपे लावून, त्यांवर ती सतत पोसावी लागते. रोगाचा नाश करू पाहणाऱ्यालाच आधी रोगाची जोपासना करावी लागते, ही या कामातील गंमत आहे. शिवाय ती भुरी कोणत्या वंशाची आहे हेही जाणून घ्यावे लागते. त्यासाठी काही ठरावीक वाणांची रोपे शेजारी शेजारी लावतात. सर्वांवर रोग आला, पण पीएमआर ४५ व पीएमआर ५ स्वच्छ राहिले, तर तो वंश १. पीएमआर ४५ वरही आला, पण पीएमआर ५ वर आला नाही, तर तो वंश २. अशा रीतीने उत्तर मिळते. सोनार जसा कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो, तशी ही वेलींची कसोटी होय.

तिसरा नियम तुलनेचा. परीक्षेसाठी निरनिराळ्या गावांहून जमविलेले बी कुंड्यांत किंवा खोक्यांत लावतात. प्रत्येक नमुन्याची पुष्कळ रोपे घेतात, कारण एकाच पिशवीतील सगळे बी एकाच गुणाचे असतेच असे नाही. त्यांच्या मधून मधून एक हमखास रोग घेणारा वाण आणि एक ठाऊक असलेला प्रतिकारक वाण लावतात. रोपांना पहिली-दुसरी पाने फुटली, की रोगट पाने त्यांच्यावर झटकतात, किंवा मऊ कुंचल्याने बीजाणू पानांवर पसरवितात. मग रोपे उबदार, पण फार तापणार नाही अशा जागी ठेवतात. दहा ते चौदा दिवसांनी प्रत्येक पान तपासून गुण देतात. डाग मुळीच नसेल तर शून्य. डाग वाढत जातील तसे गुण वाढतात, आणि सारे पान पांढरे झाले तर सर्वांत अधिक. तुमच्या परीक्षेत शून्य मिळालेला विद्यार्थी शेवटचा ठरतो; या परीक्षेत शून्य मिळविणारा पहिला येतो!

येथे एक सावधगिरी बाळगतात. हमखास रोग घेणाऱ्या वाणावरच जर भुरी नीट आली नसेल, तर ती सारी परीक्षा रद्द समजतात, मग इतर रोपे कितीही स्वच्छ असोत. कारण बीजाणू मेलेले होते की हवा प्रतिकूल होती, हे त्या वेळी सांगता येत नाही. आपल्याला हवे तसे उत्तर आले म्हणून ते स्वीकारावयाचे नाही, तर ते खरे ठरण्याच्या अटी पुऱ्या झाल्या असतील तरच स्वीकारावयाचे, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा या एका नियमात दिसून येतो.

उत्तीर्ण झालेल्या रोपांचे पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर एक विलक्षण दृश्य दिसते. बीजाणू पडतो, तंतू फुटतो, तो पेशीत शिरू पाहतो आणि त्याच क्षणी कित्येक प्रतिकारक वेलींत ती पेशी स्वतःच मरून जाते. भुरीला जिवंत अन्न हवे असते; मेलेल्या पेशीत तिला काही मिळत नाही, आणि ती तेथेच उपाशी मरते. एका पेशीने प्राण दिला, म्हणून सारे पान वाचले. गडाचा दरवाजा राखताना एखादा शिलेदार कामी यावा आणि गड वाचावा, तसाच हा प्रकार आहे.

एवढ्याने काम पुरे होत नाही. घरातल्या परीक्षेत टिकलेली रोपे पुढे शेतात लावतात. तेथेही टिकली तर त्यांचा गोड फळाच्या वाणाशी संकर करतात. प्रतिकाराचा गुण पुष्कळदा एकाच प्रबळ अनुवंशघटकावर अवलंबून असतो. पीएमआर ४५ चे तसेच होते. अशा वेळी संकराच्या पहिल्या पिढीतील सर्व वेल रोगाला तोंड देतात. दुसऱ्या पिढीत चारांपैकी सुमारे तीन वेल टिकतात व एक रोगाला बळी पडतो. मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवरून १८६६ साली जो नियम प्रसिद्ध केला, तोच येथे खरबुजाच्या वेलीवर उतरलेला दिसतो. टिकलेल्या वेलींतून गोड फळाचे निवडावेत, त्यांचा पुन्हा गोड वाणाशी संकर करावा, पुन्हा भुरीची परीक्षा घ्यावी, असे करीत आठ-दहा पिढ्या गेल्या, म्हणजे एक नवा वाण उभा राहतो. आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने राजस्थानातील स्थानिक बियांतून निवडलेला ‘अर्का राजहंस’ हा खरबुजाचा वाण गोड आहे आणि भुरीला बऱ्यापैकी तोंड देतो.

या सर्व कथेत एक प्रश्न उरतोच. एवढे बळ भारतातील वेलींतच का आढळावे? आपल्याकडे खरबुजाचे गोत फार मोठे आहे. खरबूज, वाळूक, उत्तरेकडे पिकताच तडकणारी फूट आणि आपल्या शेताच्या बांधावर उगवणारे शेंदाड ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची भावंडे होत. त्यांचा परस्परांशी संकर होऊ शकतो. हजारो वर्षे ही भावंडे याच हवेत भुरीच्या सहवासात वाढली. जी दुर्बल होती ती मागे पडली. जी तगली त्यांनी आपले बळ बियांत साठविले. ‘एमआर १’ ज्या बियांतून निघाला, ते बी अशाच जुन्या, अनघड भारतीय खरबुजाचे होते.

शेंदाडाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. फुकाच्या बढाया मारणाऱ्या, प्रसंगी पाय काढणाऱ्या माणसाला आपण शेंदाडशिपाई म्हणतो. पावसाळ्यात ज्वारीच्या शेतात हा वेल आपोआप उगवतो. मुले त्याची आंबटगोड फळे खातात, आणि निंदणी करताना शेतकरी त्याला तण म्हणून उपटून टाकतो. परंतु भुरीच्या परीक्षेला बसविल्यावाचून कोणत्या वेलीत किती शौर्य आहे, हे कोणी सांगावे? प्रत्येक शेंदाड शूर निघेल असे नाही. शेकडो नमुन्यांत एखादाच निघेल. पण तो एखादा कोणत्या बांधावर उगवला आहे हे आधी ठाऊक नसते, म्हणूनच सर्वांचे बी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. म्हणींनी ज्याला भित्रा ठरविले, तोच कदाचित एखाद्या दिवशी आपल्या गोड खरबुजाचा रक्षणकर्ता ठरेल.

हे बी राखण्याचे काम राष्ट्रीय पातळीवरही चालते. १९७६ साली दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो स्थापन झाला. त्याचे एक केंद्र विदर्भात अकोला येथे आहे. गावोगावचे बी गोळा करून ते थंड कोठारांत दीर्घकाळ जतन केले जाते. २००१ साली संसदेने केलेल्या कायद्याने शेतकऱ्याने जपलेल्या वाणांवरील त्याचा हक्कही मान्य केला आहे. एके काळी आपल्या देशातील बी परदेशी गेले आणि ते कोणा शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले होते, याची नोंदही राहिली नाही. आता तसे होऊ नये, हा या कायद्यामागील हेतू आहे.

तथापि कोठारातील बी आणि शेतातील बी यांत एक भेद आहे. कोठारातील बी झोपलेले असते. त्याला नव्या भुरीची गाठ पडत नाही. बांधावरचा वेल मात्र दरवर्षी रोगाशी झुंजतो व दरवर्षी आपले बळ पारखून घेतो. म्हणून कोठार हवे, तसा बांधही हवा. आज सर्वत्र विकतचे एकसारखे बी लावले जाते. ते भरघोस पीक देते, यात शंका नाही. परंतु सारे वेल एकाच गुणाचे असल्यामुळे भुरीचा नवा वंश आला, तर सारे एकाच वेळी पडतात. पीएमआर ४५ ची कथा हेच सांगते. घराण्यातील सर्व धन एकाच पेटीत ठेवणारा गृहस्थ आणि एकाच वाणावर भिस्त ठेवणारा शेतकरी, दोघांनाही धोका सारखाच.

मुलांनो, येत्या पावसाळ्यात शेताच्या बांधावर शेंदाडाचा वेल दिसला, तर तो नीट न्याहाळा. त्याच्या पानांवर राखेसारखे ठिपके आहेत का, शेजारच्या काकडीच्या वेलावर आहेत का, हे पाहा व वहीत टिपून ठेवा. पिकलेल्या फळातील बी धुवावे, सावलीत वाळवावे, कागदाच्या पुडीत बांधावे आणि तीवर गावाचे नाव व तारीख लिहावी. एवढे काम शाळकरी मुलालाही सहज साधेल. रोगाला न भिणारा वेल शोधण्याची परीक्षा प्रयोगशाळेत संपत असली, तरी तिचा आरंभ अशा एखाद्या नाव घातलेल्या पुडीपासूनच होत असतो.